थांबवण्याचा अधिकार कुणाचा?

जावामध्ये चालू प्रोग्राम संपवायला एक ओळ पुरते. ‘सिस्टिम.एक्झिट’ लिहायचं, कंसात शून्य घालायचं, झालं. ही मेथड बोलावणाऱ्याकडे कधीच परत येत नाही. तिच्या खालच्या ओळी कितीही मन लावून लिहिलेल्या असोत, त्या चालत नाहीत; आवराआवरीसाठी म्हणून लिहिलेला ‘फायनली’चा ब्लॉकही चालत नाही. एकट्याने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामात याने कुणाचं काही बिघडत नाही. पण जिथे शे-दोनशे मॉड्यूल एकाच प्रोसेसमध्ये नांदतात, त्यांतली कितीतरी एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी लिहिलेली असतात, तिथे ही ओळ कुठल्या तरी एका मॉड्यूलने लिहिली तर तो सगळ्यांच्या वतीने, कुणालाही न विचारता घेतलेला निर्णय ठरतो. एक मॉड्यूल फाइल लिहीत होतं, दुसरं ग्राहकाच्या विनंतीला उत्तर देत होतं, तिसरं रांगेतला संदेश उचलून नुकतंच कामाला लागलं होतं. त्या सगळ्यांचं काम त्या क्षणी होतं तिथे तुटतं.

मॉड्यूलर फ्रेमवर्क कोडमधून नीट बंद कसं करायचं, हा प्रश्न बहुतेक जण ‘कुठली मेथड बोलवायची’ एवढ्यावर सोडवतात. मला तो मुळात अधिकारांचा प्रश्न वाटतो. बंद करण्यात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगवेगळ्या हातांत असायला हवीत. बंद व्हावं अशी विनंती कोणतंही मॉड्यूल करू शकतं. आवराआवर मात्र ज्याची त्यानेच करायची. ती दुसऱ्या कुणालाही जमणार नाही. आणि प्रोसेस संपवण्याचा निर्णय फक्त त्याचा, ज्याने फ्रेमवर्क सुरू केलं. बंद होताना अडकणारे, अर्धवट बंद होणारे किंवा बंद झाल्यावर पुन्हा धड सुरू न होणारे जे प्रोग्राम दिसतात, त्यांच्यात बहुतेक वेळा या तिघांपैकी कुणीतरी दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घेतलेलं असतं.

उदाहरण ओएसजीआय या जावाच्या मॉड्यूलर मानकाचं घेतो, कारण या प्रश्नाचा इतका खोलवर विचार जावाच्या जगात दुसरीकडे क्वचितच झाला असेल. ओएसजीआयची सुरुवात १९९९ची. घराघरांत बसवायच्या गेटवे डब्यांवर दुरून सेवा बसवता याव्यात, बदलता याव्यात, काढता याव्यात आणि त्यासाठी डबा बंद करून पुन्हा सुरू करावा लागू नये, ही मूळ गरज होती. पुढे २००४मध्ये एक्लिप्स ३.० आलं ते ओएसजीआयच्या पायावर, आणि त्या पायाचं नाव इक्विनॉक्स. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये ज्यांनी एक्लिप्स उघडून पहिला जावा प्रोग्राम चालवला, त्यांनी नाव ठाऊक नसतानाही ओएसजीआयच वापरलं. अपाची फेलिक्स, नॉपलरफिश या त्याच मानकाच्या इतर अंमलबजावण्या. आज हे मानक एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

या मानकात मॉड्यूलला बंडल म्हणतात. बंडल बसवलं जातं, सुरू होतं, थांबतं, काढलं जातं, आणि हे सगळं बाकीचा प्रोग्राम चालू असताना. म्हणजे आपण जिच्यावर विसंबून आहोत ती सर्व्हिस कुठल्याही क्षणी निघून जाऊ शकते, हे इथे पहिल्या दिवसापासून गृहीत धरावं लागतं. हे गृहीत धरून लिहिलेल्या बंडलसाठी संपूर्ण फ्रेमवर्क बंद होणं ही काही निराळी घटना नसते; एरवी एक सर्व्हिस जाते, आज सगळ्याच चालल्या आहेत, एवढाच फरक. बंद होताना ज्या प्रोग्रामात नल पॉइंटरच्या अपवादांचा पाऊस पडतो, तो प्रोग्राम एरवीही ठिसूळच असतो. त्याची परीक्षा घेणारा दिवस तोवर उगवलेला नसतो, इतकंच.

आता आवराआवरीकडे वळू. बंडल थांबलं की फ्रेमवर्क पुष्कळ काही स्वतः करतं. त्या बंडलने नोंदवलेल्या सर्व्हिस काढून टाकतं, त्याने वापरायला घेतलेल्या सर्व्हिस सोडवून घेतं, त्याचे लिसनर पुसतं. ‘स्टॉप’ मेथडमध्ये अपवाद फेकला गेला तरी ही झाडलोट होतेच. पण फ्रेमवर्क फक्त आपल्या वहीत नोंद असलेल्याच गोष्टी आवरू शकतं. बंडलने काढलेला थ्रेड, उघडलेलं सॉकेट, धरून ठेवलेली डेटाबेसची जोडणी, अर्धी लिहिलेली फाइल यांची नोंद त्याच्याकडे नसते. मानकाची अपेक्षा स्पष्ट आहे: ‘स्टार्ट’ने जे मांडलं ते ‘स्टॉप’ने आवरावं, आणि ‘स्टॉप’ परत येईल तेव्हा बंडलने सुरू केलेला एकही थ्रेड जिवंत नसावा. ही अपेक्षा पाळली जाते की नाही हे मात्र फ्रेमवर्कला तपासता येत नाही आणि ते सक्तीही करू शकत नाही.

सक्ती का नाही? कारण ती करून पाहिलेली आहे. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून थ्रेडला ‘स्टॉप’ नावाची मेथड होती आणि ती खरोखरच थ्रेडला आहे तिथे मारत असे. मरताना त्या थ्रेडने धरलेली कुलुपं आपोआप सुटत, आणि त्या कुलुपांमागचा अर्धवट बदललेला डेटा इतर थ्रेडांसमोर उघडा पडे. अर्धी बदललेली शिल्लक, अर्धी जोडलेली यादी. चूक कुठे झाली याचा मागमूसही राहत नसे, कारण ती करणारा गेलेला असे. जावा १.२मध्येच, म्हणजे १९९८ साली, ही मेथड वापरू नका असं जाहीर झालं, आणि २०२३च्या जावा २०पासून ती बोलावली तर नुसता अपवाद फेकते. आता उरला तो ‘इंटरप्ट’, आणि इंटरप्ट ही विनंती आहे. थ्रेडने ती ऐकायची, हातातलं काम सुसंगत अवस्थेत आणायचं आणि स्वतःहून संपायचं. चालू असलेल्याला बाहेरून मारता येत नाही, फक्त सांगता येतं, हे अख्ख्या भाषेने पाव शतक अनुभव घेऊन मान्य केलं आहे. जे एका थ्रेडला लागू तेच बंडलला, आणि तेच फ्रेमवर्कलाही.

ओएसजीआयमध्ये खुद्द फ्रेमवर्कही एक बंडल असतं. त्याचा क्रमांक शून्य. कोडमधून फ्रेमवर्क बंद करायचं तर आपल्या बंडल कॉन्टेक्स्टकडून शून्य क्रमांकाचं बंडल मागायचं आणि त्याला ‘स्टॉप’ म्हणायचं. ही योजना मला फार आवडते, कारण तिच्यात अधिकारांची वाटणी आपोआप होते. इतर बंडलांचा ‘स्टॉप’ काम संपेपर्यंत परत येत नाही; शून्याचा मात्र लगेच परत येतो आणि प्रत्यक्ष बंद करण्याचं काम दुसऱ्या थ्रेडवर सुरू होतं. असं नसतं तर ‘बंद हो’ म्हणणारं बंडल त्याच हाकेत अडकून राहिलं असतं, आणि फ्रेमवर्क त्याच बंडलच्या आवराआवरीची वाट पाहत बसलं असतं. म्हणून मानक सांगतं, तुझी विनंती पोचली, तू परत जा, तुझ्या पाळीला तुला सांगितलं जाईल. मग स्टार्ट लेव्हल एकेक पायरी खाली येते, वरच्या पायरीवरची बंडलं आधी थांबतात, ज्यांच्यावर इतर उभे आहेत ती नंतर.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत चांगले जाणकार पडतात. पहिला असा, की शून्याला ‘स्टॉप’ म्हटल्यावर विनंती करणाऱ्या बंडलच्याच आतून फ्रेमवर्क पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहत बसणं. मानकाने दुसऱ्या थ्रेडची सोय करून जो फास काढला होता, तो आपण आपल्या हाताने पुन्हा गळ्यात घालतो. वाट पाहणं हे काम बाहेरच्याचं. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. काही जण शून्याला सांगण्याऐवजी सगळ्या बंडलांची यादी मागवतात आणि लूप चालवून एकेकाला ‘स्टॉप’ म्हणतात. सगळं थांबतं, काम झाल्यासारखं वाटतं. पण साधा ‘स्टॉप’ ही कायमस्वरूपी नोंद असते: हे बंडल इथून पुढे थांबलेलं असावं, असं ती साठवणीत लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याच साठवणीवरून फ्रेमवर्क सुरू करावं तर ते सुरू होतं, आणि आत एकही बंडल उठत नाही. फ्रेमवर्क स्वतः बंद होतं तेव्हा ते बंडलांना तात्पुरतं थांबवतं, त्यांची पुन्हा सुरू होण्याची नोंद तशीच ठेवतं. ‘आजच्यापुरतं थांब’ आणि ‘तू आता नकोस’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. दुसरी देण्याचा अधिकार बंद करणाऱ्याला नसतोच.

तिसरा अधिकार सुरू करणाऱ्याचा. २००९च्या ४.२ आवृत्तीआधी फ्रेमवर्क दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात सुरू करायची प्रमाण पद्धत नव्हती; प्रत्येक अंमलबजावणीची तऱ्हा निराळी. ४.२ने ती आणली, आणि सोबत ‘वेट फॉर स्टॉप’ नावाची मेथड दिली. सुरू करणाऱ्याने ‘स्टॉप’ म्हणायचं आणि मग इथे थांबायचं. ती परत येताना हातात एक घटना देते, आणि ही घटना न वाचता पुढे जाणं हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा हलगर्जीपणा वाटतो. फ्रेमवर्क खरंच थांबलं, की ते स्वतःला अद्ययावत करून पुन्हा सुरू व्हायला थांबलं आहे, की बंद होताना चूक झाली, की आपण दिलेली मुदत संपली, हे तिथे लिहिलेलं असतं. मुदत संपली याचा अर्थ फ्रेमवर्क थांबलं असा नाही. तुम्ही वाट पाहणं सोडलंत, एवढाच. आतलं काम त्या क्षणीही चालू असतं, आणि इथेच लोक साठवणीची फोल्डर पुसायला घेतात. फेलिक्सचा स्वतःचा लॉन्चर या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तो फ्रेमवर्क सुरू करतो, कितीही वेळ लागला तरी थांबतो, घटना वाचतो, अद्ययावत होण्यासाठी थांबलं असेल तर पुन्हा सुरू करतो, आणि तसं नसेल तर शेवटी ‘सिस्टिम.एक्झिट’ म्हणतो. तीच ओळ इथे योग्य ठरते, कारण ती म्हणणारा मालक आहे आणि आत कुणी उरलेलं नाही.

काही वेळा फ्रेमवर्क थांबतं, तरी प्रोसेस संपत नाही. कारण बहुधा एकच: डेमन नसलेला एखादा थ्रेड मागे राहिलेला असतो. जावाचे बहुतेक तयार एक्झिक्युटर डेमन नसलेलेच थ्रेड बनवतात, आणि असा एक थ्रेड जिवंत आहे तोवर व्हर्च्युअल मशीन आपणहून संपत नाही. शेवटच्या ‘एक्झिट’ने हा प्रश्न दिसेनासा होतो, सुटत नाही. निदान विकासाच्या काळात ती ओळ काढून ठेवावी आणि प्रोसेस आपणहून संपते का ते पाहावं. नाही संपली तर थ्रेड डंप घ्यावा, उरलेल्या थ्रेडच्या नावावरून मालक सापडतो. म्हणून थ्रेडला नीट नावं देण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. ‘पूल-३-थ्रेड-१’ हे नाव वाचून कुणाला जाब विचारणार?

हे झालं आतून बंद करण्याचं. पण आजकाल हुकूम बहुतेकदा बाहेरून येतो. डॉकर आधी सिगटर्म हा संकेत पाठवतं, एरवीच्या मांडणीत १० सेकंद थांबतं आणि मग सिगकिलने प्रोसेस मारतं. कुबर्नेटीस ३० सेकंद देतं, सिस्टिमडी बहुतेक ठिकाणी ९०. सिगटर्म आला की जावा आपले शटडाउन हुक चालवतं. सिगकिलला हुक बिक काही नाही. हे हुक एकाच वेळी, कुठल्याही क्रमाने चालतात. मग एका मॉड्यूलने आपला हुक लावून डेटाबेसची जोडणी तोडली आणि दुसऱ्याच्या हुकात त्याच डेटाबेसवर शेवटची नोंद करायची असली, तर निकाल रोज वेगळा. म्हणून हुक एकच असावा, सुरू करणाऱ्याने लावलेला, आणि त्याने फ्रेमवर्कला थांबायला सांगून वाट पाहावी. क्रम फ्रेमवर्कला ठाऊक आहे, व्हर्च्युअल मशीनला नाही.

आणि इथेच मॉड्यूलमधला ‘सिस्टिम.एक्झिट’ सर्वांत घातक ठरतो. हुकाने फ्रेमवर्कला थांबायला सांगितलं, फ्रेमवर्कने एका बंडलला, आणि त्या बंडलच्या ‘स्टॉप’मध्ये कुणीतरी ‘एक्झिट’ लिहून ठेवलं आहे. बंद होणं सुरू झाल्यावर आलेला ‘एक्झिट’ जागीच अनंत काळ अडकतो. त्यामुळे बंडल थांबत नाही, म्हणून फ्रेमवर्क थांबत नाही, म्हणून हुक संपत नाही, म्हणून प्रोसेस संपत नाही. प्रोग्राम लवकर संपावा म्हणून लिहिलेली ओळच त्याला संपू देत नाही, आणि मग सिगकिलशिवाय इलाज उरत नाही.

या सगळ्यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. २००३मध्ये जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स या दोन संशोधकांनी ‘क्रॅश-ओन्ली’ सॉफ्टवेअरची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं: वीज जाते, मशीन पडतं, प्रोसेस मारली जाते, हे होणारच. तेव्हा कोसळून सावरण्याचा रस्ता प्रत्येक प्रोग्रामला लागतोच. मग नीट बंद होण्याचा दुसरा रस्ता कशाला? थांबवणं म्हणजे कोसळवणं, सुरू करणं म्हणजे सावरणं, असा एकच रस्ता ठेवा. तो रोज वापरात राहील, म्हणून भरवशाचा होईल. दोन रस्ते ठेवले तर कोसळण्याचा रस्ता क्वचित वापरला जातो आणि नेमका गरजेला तुटलेला निघतो.

यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. डेटाची सत्यता नीट बंद होण्यावर कधीही अवलंबून असू नये. ‘स्टॉप’मध्ये लिहिलेली फाइल हीच एकमेव प्रत असेल, तर तो प्रोग्राम चुकीचाच बांधलेला आहे. पण त्यावरून नीट बंद होणं अनावश्यक ठरत नाही. सावरण्याला किंमत असते, आणि प्रश्न ती कोण मोजतो हा आहे. एक्लिप्स अचानक मेलं तर पुढच्या वेळी ते नोंदवतं की मागचं सत्र न साठवलेल्या बदलांसह संपलं, आणि वर्कस्पेस ताजा करून घेतं. काम बुडत नाही. पण मोठ्या वर्कस्पेसवर तो वेळ वापरणाऱ्याच्या दिवसातून जातो. हा प्रोग्राम दोन्ही रस्ते ठेवतो, आणि मला तेच योग्य वाटतं.

शिवाय कोसळून सावरण्याचं हे चित्र प्रोग्रामच्या आतल्या बाजूने काढलेलं आहे. प्रोग्राम स्वतः सावरेल. त्याच्याशी त्या क्षणी बोलत असलेल्यांचं काय? बँकेची वेळ संपली की आधी बाहेरचं दार बंद होतं आणि आत रांगेत उभ्या असलेल्यांचं काम उरकलं जातं. कुणाच्या हातात स्लिप असताना दिवे मालवत नाहीत. बंद होणाऱ्या सर्व्हरनेही याच क्रमाने जायला हवं: नवी विनंती घेणं थांबवायचं, चालू असलेल्या पुऱ्या करायच्या, मग जोडण्या सोडायच्या. कुबर्नेटीसमध्ये तर सिगटर्म आल्यावरही थोडा वेळ नव्या विनंत्या येत राहू शकतात, कारण विनंत्या कुणाकडे पाठवायच्या त्या यादीतून नाव काढणं आणि संकेत पाठवणं समांतर चालतं. त्या पहिल्या क्षणीच ज्याने सॉकेट तोडलं, त्याच्या ग्राहकाला कारण नसताना चूक दिसते. ग्राहकाने पुन्हा प्रयत्न करावा, असं म्हणणं सोपं आहे. पैसे वळते करण्याची विनंती पोचली की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पुन्हा प्रयत्न करावा की नाही?

म्हणून मुदत हवी आणि तिची वाटणीही हवी. बाहेरून ३० सेकंद मिळत असतील तर फ्रेमवर्कची वाट २५ सेकंदच पाहावी, म्हणजे न थांबलेल्याचं नाव लॉगमध्ये लिहायला वेळ उरतो. बंडलने आपल्या एक्झिक्युटरला आधी ‘शटडाउन’ म्हणावं, काही सेकंद थांबावं, मग ‘शटडाउन नाऊ’. मुदत टळली तर मालकाने निःसंकोच प्रोसेस संपवावी, कारण सावरण्याचा रस्ता तयार आहे. विनंतीला मान द्यायचा म्हणजे अनंत काळ ताटकळत राहायचं असं नाही. यातलं काहीही खरं ठरायचं तर ते चाचणीत तपासलेलं हवं: एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रेमवर्क सुरू करायचं, बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि दर खेपेला थ्रेडची संख्या मोजायची. ती वाढत गेली तर कुठलं तरी बंडल आवरत नाही. सुरू होण्याच्या चाचण्या प्रत्येक प्रकल्पात असतात. ही चाचणी मात्र फार थोड्या ठिकाणी दिसते.

पूर्वी मालकाच्या हातात आणखी एक साधन होतं. जावाचा सिक्युरिटी मॅनेजर लावून आतल्या कुणाही मॉड्यूलचा ‘सिस्टिम.एक्झिट’ अडवता येत असे, आणि पुष्कळ लोक तो केवळ एवढ्यासाठीच लावत. २०२१च्या जावा १७ने तो जायच्या यादीत टाकला आणि २०२५च्या जावा २४मध्ये तो कायमचा बंद झाला. त्याच्या इतर जबाबदाऱ्या पाहता हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. मात्र त्यानंतर ‘एक्झिट’ अडवायला भाषेत तयार दार उरलेलं नाही. एजंट लावून बाइटकोडमध्ये बदल करून ती हाक पकडता येते, पण तेवढं करायला फार थोडे धजतात. त्यापेक्षा सोपा उपाय हाताशी आहे: बाहेरून घेतलेलं प्रत्येक बंडल फ्रेमवर्कमध्ये बसवण्याआधी त्याच्या बाइटकोडमध्ये ‘सिस्टिम.एक्झिट’ आणि ‘रनटाइम.हॉल्ट’ या दोन हाका शोधाव्यात. ज्यात त्या सापडतील त्याच्या लेखकाला आधी कारण विचारावं, आणि उत्तर पटेपर्यंत ते बंडल बाहेरच ठेवावं.